साखळीचा ताण : क्रोशाकामाच्या पायाविषयी थोडेसे

विणकामाच्या पुस्तकात बहुतेक नमुन्यांची सुरुवात ‘अमुक इतक्या साखळ्या घाला’ या एका ओळीने होते. साखळ्या किती घालायच्या ते सांगितलेले असते. त्या किती सैल वा किती घट्ट घालायच्या, याविषयी पुस्तक सहसा मौन पाळते. वास्तविक, नवशिक्या व्यक्तीचे काम फसते ते बहुधा याच ठिकाणी. रुमाल खालच्या कडेला आखडतो, वर पसरत जातो आणि चौकोनी म्हणून आरंभलेला तुकडा शेवटी सुपाच्या आकाराचा होतो. दोष नमुन्याचा नसतो, दोऱ्याचाही नसतो. पायाची साखळी आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या ओळी यांचा ताण जुळलेला नसतो, एवढेच.

घरच्या हौसेपुरते काम असेल तर यात फारसे बिघडत नाही. रुखवतात मांडलेला ताटावरचा रुमाल एका बाजूने थोडा आखूड असला, तरी विणणाऱ्या हातांचे कौतुकच होते. परंतु तोच रुमाल विक्रीसाठी विणला जातो, तेव्हा खरेदीदार तो मोजपट्टीने मोजून घेतो.

आपल्या देशात क्रोशाची लेस म्हटले की आंध्र प्रदेशातील नरसापूरचे नाव प्रथम घ्यावे लागते. पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात हे गाव वसलेले आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून १८४४ मध्ये ही कला या भागात आली, असे सांगितले जाते. त्याच दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे भीषण दुष्काळ पडला होता. तेथील मठांतून स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली गेली आणि तिच्या विक्रीवर अनेक कुटुंबे तगली. एक बारीक आकडी आणि सुताचा गुंडा एवढ्याच भांडवलावर घरबसल्या उत्पन्न मिळवून देणारा असा व्यवसाय क्वचितच दुसरा सापडेल. नरसापूर आणि पालकोल परिसरातील स्त्रिया आजही रुमाल, टेबलक्लॉथ, कॉलर, पडद्याच्या झालरी विणतात. त्यांच्या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

या व्यवसायाची दुसरी बाजूही नोंदविली गेली आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने नरसापूरच्या लेसकाम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. या स्त्रियांनी विणलेला माल परदेशी जात होता. पण त्यांची गणना कामगारांत न होता ‘फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ अशी होत होती आणि मजुरी त्याच मानाने अत्यल्प होती, असे त्यांनी दाखवून दिले. मजुरी नगावर ठरलेली आणि काम वाटून दिलेले. सुटी फुले वा पट्ट्या एका घरी विणल्या जातात आणि त्यांची जोडणी दुसऱ्या घरी होते. अशा व्यवस्थेत एका हाताचा ताण दुसऱ्याशी जुळला नाही, तर जोडणाऱ्या स्त्रीची अडचण होते आणि जो नग नाकारला जातो त्याचे श्रम फुकट जातात. साखळीचा ताण हा म्हणूनच केवळ सौंदर्याचा नव्हे, तर अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

साखळी म्हणजे नेमके काय?

क्रोशे हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान आकडी. सुईचे टोक, टोकाखालची खाच, त्यामागची गोल दांडी आणि अंगठा टेकविण्याचा चपटा भाग, असे या आकडीचे अवयव. सरकती गाठ मारून तयार झालेला फास सुईवर घ्यायचा, त्याच्यावरून दोरा घेऊन तो फासातून ओढायचा; एक साखळी झाली. याच कृतीची पुनरावृत्ती म्हणजे पायाची साखळी. तिच्यावर मुके खांब, अर्धे खांब किंवा पूर्ण खांब घातले जातात. आपल्याकडील ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ ही नावे फार सोयीची आहेत. इंग्रजी पुस्तक वाचून काम करणाऱ्यांस मात्र सावध राहावे लागते, कारण ब्रिटिश पुस्तकातील ‘डबल क्रोशे’ हाच अमेरिकन पुस्तकातील ‘सिंगल क्रोशे’ होय. पुस्तक कोणत्या देशात छापले आहे हे न पाहता सुरुवात केली, तर ताण कितीही उत्तम असला तरी नमुना चुकतो.

साखळी घट्ट होण्याचे पहिले कारण सुईच्या रचनेतच आहे. टाक्याचे माप दांडीच्या जाडीवर ठरावयाचे असते. सुईवर जी मिलिमीटरमधील जाडी कोरलेली असते ती दांडीची. खाचेजवळचा भाग त्यापेक्षा बारीक असतो. घाईने काम करणारी व्यक्ती फास दांडीपर्यंत येऊ न देता खाचेजवळच आवळते आणि पुढची साखळी ओढते. अशा वेळी हातात ३ मिमीची सुई असूनही साखळी प्रत्यक्षात त्याहून बारीक सुईची पडते. ओळी विणताना मात्र खांब पूर्ण करण्यासाठी दोन-तीन फास सुईवर एकत्र घ्यावे लागतात. ते आपोआपच दांडीवर सरकतात आणि टाका पूर्ण मापाचा पडतो. पाया आणि ओळी यांत तफावत येते ती येथूनच.

दुसरे कारण अधिक लक्षणीय असून पुष्कळदा जाणकारांच्याही ध्यानात येत नाही. साखळी मोजताना ती हातात धरून लांब केली जाते. ताणलेल्या साखळीचे फास अरुंद आणि लांबट होतात. तिच्यावर पहिली ओळ विणू लागले, की प्रत्येक फासात खांबाचा दोरा शिरतो, फास आडवा उघडतो आणि जितका रुंदावतो तितका लांबीला कमी होतो. त्यामुळे ४० सेंमी मोजून घेतलेली साखळी पहिल्या ओळीनंतर तितकी राहत नाही. ‘मोजून तर बरोबर घेतली होती’ या तक्रारीचे उत्तर यात आहे. रिकाम्या साखळीची लांबी हे माप धरूच नये. तिच्यावर ओळी चढल्यानंतर जे उरते तेच तिचे खरे माप.

साखळी वाजवीपेक्षा सैल पडली तर उलट दोष येतो. खालची कड लाटांसारखी होते, पहिल्या ओळीखाली ओबडधोबड भोके दिसतात. घट्ट साखळीच्या मानाने हा दोष कमी आढळतो. परंतु घट्टपणाची धास्ती घेतलेली व्यक्ती या टोकाला जाते, हेही खरे.

दोरा हातात कसा चालतो?

ताण ही बोटांच्या जोराची बाब आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ती घर्षणाची बाब आहे. दोरा डाव्या हाताच्या करंगळीभोवती फिरतो, मधल्या बोटांखालून जातो आणि तर्जनीवरून सुईकडे येतो. जेथे जेथे तो बोटावर वळतो, तेथे घर्षण त्याला थोडे रोखते. जेट्टीवर नाव बांधणारा खलाशी खुंटाला दोरखंडाचे दोन-तीन वेढे देऊन एका हाताने ती रोखून धरतो, त्यामागचे तत्त्व हेच. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात त्याचा विचार केला होता. या तत्त्वानुसार वेढा वाढला की ताण बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.२ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेतीनपट होतो आणि दोन वेढ्यांनी बारापटीहून अधिक. ज्यांचा हात घट्ट आहे, त्यांनी बोटे सैल सोडण्याचा प्रयत्न करीत बसण्यापेक्षा करंगळीचा एक वेढा कमी करावा, असे सांगितले जाते ते याचमुळे. सैल हात असलेल्यांनी एक वेढा वाढवावा. स्वभावाला औषध नसले, तरी वेढ्याला आहे!

घर्षण हवेवरही अवलंबून असते. समुद्रकाठच्या दमट दुपारी घामेजलेल्या बोटांवर सुती दोरा अडखळतो आणि प्रत्येक टाका किंचित आवळला जातो. हात धुऊन, कोरडे करून काम करणे हा केवळ स्वच्छतेचा नियम नाही. लोकर आणि मर्सराइज्ड सूत यांचीही वागणूक वेगळी: लोकर थोडी ताणली जाऊन पुन्हा आखडते आणि लहान चुका पोटात घालते, गुळगुळीत सूत तसे करीत नाही, प्रत्येक चूक उघडी दाखविते. गुंडा मांडीवरून घरंगळत असेल किंवा लडीतूनच दोरा ओढला जात असेल, तर दर काही टाक्यांनी हिसका बसतो. गुंडा वाटीत ठेवावा आणि हातभर दोरा आधीच मोकळा करून घ्यावा.

साखळी घालताना उजव्या हातापेक्षा डाव्या हाताचे काम महत्त्वाचे. अंगठा आणि मधले बोट यांनी साखळी सुईच्या अगदी जवळ धरलेली असावी. काम पुढे सरकते, पण बोटे मागेच राहतात. पकड आणि सुई यांच्यातील अंतर वाढले की फास डोलू लागतो आणि साखळ्या लहानमोठ्या पडतात. दर तीन-चार साखळ्यांनी पकड पुढे घ्यावी. दोरा फासातून ओढताना सुई कोणत्या दिशेला जाते, हेही पाहण्यासारखे असते. कोणी ती वर उचलतात, कोणी खाली खेचतात, कोणी आडवी सरळ काढतात. वर उचलणाऱ्यांचा टाका उंच पडतो, खाली खेचणाऱ्यांचा आवळ. तिन्ही पद्धती चालतात; मात्र एकाच साखळीत तिन्ही असू नयेत.

आणखी एक गोष्ट अनुभवी हात न सांगता करतात. बसल्या बसल्या पहिल्या वीस-पंचवीस साखळ्या नेहमीच आवळ पडतात, कारण हात अजून लयीत आलेला नसतो. म्हणून तीसएक साखळ्या घालून त्या उसवून टाकायच्या आणि मग खरी सुरुवात करायची. वेळ दोन मिनिटांचा.

मापाचा हिशेब

समजा, एखाद्या महिला बचत गटाला ४० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद अशा ५० टेबलमॅटची मागणी आली आहे. निवडलेल्या दोऱ्याने आणि २.५ मिमीच्या सुईने १० सेंमीत २५ खांब बसतात. म्हणजे ४० सेंमीसाठी १०० खांब. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घातला की सोडलेल्या तीन साखळ्या एका खांबाच्या जागी धरल्या जातात. तेव्हा साखळ्या लागतात १०२. इथवर पुस्तकी हिशेब.

आता एका सभासदाने विणलेली मॅट वरच्या कडेला ४० सेंमी भरली, पण खालच्या कडेला ३७. तफावत साडेसात टक्के. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दीड सेंमी. टेबलावर ठेवताच डोळ्यांना खुपेल इतकी. खळ देऊन, टाचण्या लावून, ताणून वाळविली तर ती काही काळ सरळ दिसेल; पण पहिल्या धुण्यात पुन्हा मूळ रूपावर येईल आणि मग ग्राहक दुसऱ्यांदा त्या गटाकडे वळणार नाही. दुरुस्ती करावी म्हटले, तर क्रोशाचे काम शेवटच्या टाक्याकडून मागे उसवत जाते. चूक पहिल्या टाक्यात असल्याने सगळी मॅट उसवल्यावरच तेथे पोहोचता येते. पाच मिनिटांनी सापडली असती तर पाच मिनिटांत सुधारली असती अशी चूक शेवटी संपूर्ण मजुरी गिळते.

यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वीचा नमुना तुकडा. २७ साखळ्या घालून २५ खांबांच्या चार ओळी विणाव्यात, तुकडा न ताणता सपाट टेबलावर पसरावा आणि खालची व वरची कड मोजावी. वरची १० सेंमी आणि खालची ९.२ भरली, तर साखळी घट्ट आहे. अशा वेळी ‘सैल हाताने घाला’ हा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही. जाणीवपूर्वक सैल घातलेली साखळी दहा टाके सैल राहते आणि नंतर हात पूर्वपदावर येतो. त्यापेक्षा केवळ साखळीसाठी अर्धा मिमी मोठी, म्हणजे ३ मिमीची सुई घ्यावी आणि पहिल्या ओळीला पुन्हा २.५ मिमीची. लोकरीच्या जाड कामात एक पूर्ण मिमी मोठी सुईही चालते. साखळी सैल पडत असेल तर याच्या उलट. पहिल्या ओळीला सुई बदलण्याचे विसरू नये. मोठी सुई हातात तशीच राहून संपूर्ण मॅट मोठी झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

साखळ्या मोजताना चूक होण्याची शंका असल्यास चार-पाच जास्त घालाव्यात. वाढीव साखळ्या शेवटी सुरुवातीची गाठ सोडून त्या टोकाकडून उसवता येतात. कमी पडलेल्या मात्र सहजासहजी जोडता येत नाहीत.

जेथे कडेला लवचीकपणा हवा असतो, उदाहरणार्थ बाळाच्या टोपड्याची कड किंवा स्वेटरचा घेर, तेथे वेगळी साखळी न घालण्याची पद्धत अधिक चांगली. तिच्यात प्रत्येक खांबाबरोबर त्याच्या पायाची साखळी तेथल्या तेथे तयार होते. पाया आणि ओळ एकाच वेळी विणली गेल्याने दोघांचा ताण वेगळा असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिकायला दोन दिवस जातात, पण घट्ट हाताच्या व्यक्तीने ती अवश्य शिकावी.

गोल रुमालाचे गणित थोडे निराळे. तेथे साखळीचे कडे करून त्यात खांब भरले जातात. कडे आवळ असेल तर मध्यभाग वाटीसारखा फुगतो, सैल असेल तर मधोमध भोक राहते. चार-सहा साखळ्यांत ताण चुकण्यास फारसा वाव नसतो. वाटी झालीच तर बहुतेक वेळा पुढच्या फेऱ्यांत खांब कमी वाढविलेले असतात. दोष साखळीवर ढकलण्यापूर्वी खांब मोजावेत.

गट आणि बँक

नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केला. आज राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाखाली गटांच्या २० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण घेतले जात नाही. तारण नसले की परतफेड विकल्या गेलेल्या मालातूनच व्हायची असते. तेव्हा विणकामाचा प्रस्ताव छाननीसाठी आल्यावर शाखेतील अधिकाऱ्याने मागणीपत्र आणि दोऱ्याची बिले पाहावीतच; त्याबरोबर तयार मालाची खालची कडही पाहावी. मॅट मधोमध दुमडली की खालची आणि वरची कड एकमेकींवर येतात. जुळल्या तर माल विकला जाणार. यास विणकाम येण्याची आवश्यकता नाही.

गटाकडून होणारी एक चूक विशेष उल्लेखनीय आहे. कर्ज मिळताच एकसारखा माल निघावा या हेतूने सर्व सभासदांसाठी एकाच मापाच्या सुया घेतल्या जातात. हेतू चांगला, परिणाम उलटा. पाच स्त्रियांच्या हातांचे ताण पाच प्रकारचे. एकाच सुईने त्या पाच मापांच्या मॅट विणतात आणि सहा-सहा नगांचे संच बांधताना पंचाईत होते. सारखे असायला हवे ते माप. एकीला त्यासाठी २.५ मिमीची सुई लागेल, दुसरीला ३ ची, आणि साखळीसाठी प्रत्येकीला बहुधा आणखी एक. दोन जास्तीच्या सुयांचा खर्च नाकारल्या गेलेल्या एका मॅटपुढे काहीच नाही. काही गट सर्व साखळ्या आणि पहिली ओळ सम हात असलेल्या एकाच सभासदाकडून घालून घेतात आणि मग काम वाटतात. हीदेखील चांगली पद्धत आहे. मात्र त्या सभासदाच्या कामाचा मोबदला वेगळा धरला जात नाही, तो धरला जावा.

ताण पाहण्याचे आणखी एक साधन गटाजवळ असतेच, ते म्हणजे वजनकाटा. त्याच दोऱ्याच्या आणि तेवढ्याच टाक्यांच्या दोन मॅटपैकी जड भरते ती सैल हाताची, कारण तिच्या प्रत्येक टाक्यात दोरा जास्त गेलेला असतो. दोरा वजनावर वाटला जात असल्यास हा फरक हिशेबाच्या वहीत तुटीच्या रूपाने उतरतो आणि विनाकारण सभासदांत संशय निर्माण होतो. दोरा गेला कोठे, हा प्रश्न विचारण्यापूर्वी मॅटची लांबी मोजून पाहावी.

प्रत्येक सभासदाचा नमुना तुकडा जपून ठेवावा. त्यावर एक चिठ्ठी टाचून तिच्यावर नाव, दोऱ्याचा क्रमांक, साखळीच्या सुईचे आणि ओळीच्या सुईचे मिमी लिहावेत आणि तुकडे गटाच्या इतिवृत्ताच्या वहीबरोबर ठेवावेत. सहा महिन्यांनी तीच मागणी पुन्हा आली, तर नव्याने मोजमाप करण्यात दिवस जात नाहीत. तुकडा काढायचा, चिठ्ठी वाचायची आणि साखळी घालायला बसायचे.